पयले डावीकडे

कासेलजवळ, जर्मनी
रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

बाबा, जय भीम.

फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत तोंड घालून ओरडणं झालं आहे. कानाचं मशीन तुम्ही घालणार नाही, अन् माझा घसा काही सरकारी नाही. तेव्हा आता पत्रच. मी इथून टाइप करून प्रीतमला पाठवते. तो अमरावतीला प्रिंट काढेल आणि शनिवारी अकोल्याला आला की तुमच्या हातात देईल. तुम्ही कागदावर लिहा, तो फोटो काढून मला पाठवेल. नवरा अमरावतीत नोकरीला, पोरगी अकोल्यात तुमच्यापाशी आणि मी इकडे. असा संसार आहे, तर टपालही तसंच.

मुद्द्याचं सांगते. माझी नर्सची नोकरी म्हणजे म्हाताऱ्या पेशंटच्या घरोघरी जायचं. कोणाला इंजेक्शन, कोणाचं ड्रेसिंग. गावं लांब लांब आहेत, गाडीशिवाय होत नाही. आपलं अकोल्याचं लायसन इकडे सहाच महिने चालतं, ते नोव्हेंबरात संपेल. इकडची परीक्षा पास झाले तर नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली तरच प्रीतमला आणि आकांक्षाला आणता येईल. लेखी पेपर झाला. आता २४ तारखेला गाडी चालवून दाखवायची आहे.

आणि इकडे सगळं उलटं आहे, बाबा. स्टेअरिंग डावीकडे, गाडी रस्त्याच्या उजवीकडे. रोज सकाळी मी चावी घेऊन ऐटीत उजव्या दाराशी जाते, बसते आणि समोर स्टेअरिंगच नसतं. मग काहीतरी शोधल्यासारखं करून उतरते. शेजारच्या बाईला वाटत असेल, हिचं रोज काहीतरी हरवतं. वळताना सिग्नल द्यायला जाते तर कोरड्या काचेवर वायपर फिरतात. चौकातल्या गोलाला तर उलटा फेरा मारावा लागतो. हे आत्याला सांगू नका. ती म्हणेल, विहारात आपण बोधिवृक्षाला उजव्या हाताला ठेवून फिरतो, ही पोरगी तिकडे जाऊन काय करून राहिली.

गाडी मला तुम्हीच शिकवली, विद्यापीठाच्या रिकाम्या रस्त्यावर. म्हणून तुम्हालाच विचारते. अंगात भिनलेली बाजू सुटते कशी?

माझ्यासोबतची भावना दिवाळीला अचलपूरला येते आहे. तिच्याजवळ आकांक्षाचे लाल बूट आणि तुमचे राखाडी बूट देते. आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पण इकडे या. नाही म्हणू नका.

तुमची
माया


अकोला
१३ ऑक्टोबर २०२४

प्रति,
सौ. माया प्रीतम सिरसाट यांस

विषय : मोटार उलट्या बाजूनं चालवण्याबाबत.
संदर्भ : तुयं ६ तारखेचं पत्र.

जय भीम. जन्मभर विद्यापीठात कारकुनी केली, विषय-संदर्भ लिहिल्याशिवाय माहा पेन चालत नाई. हासू नको.

हिवरखेडले मामाच्या घरी एक बैल होता, हिऱ्या. जूवर नेहमी डाव्या बाजूले चालणारा. त्याचा जोडीदार मेला. नवा आणला तं तोही डाव्याच बाजूचा. मंग हिऱ्याले उजवीकडे जुंपलं. बाप्पा, काय तमाशा! सरळ चालेच ना. अंग टाकून टाकून जुन्या बाजूले ओढे. लोक म्हणत, बैल बिघडला. मामा म्हणे, बैल बिघडला नाई, खांदा विसरत नाई. मामानं त्याले रिकाम्या गाडीले जुंपून रोज सकाळी नाल्यापर्यंत नेलं. वझं नाई, घाई नाई, मारणं नाई. पेरणीपर्यंत सुधरला. तू बी रिकामी गाडी फिरवजो.

दुसरं. डावं-उजवं डोक्यातून काढून टाक. इकडे असो का तिकडे, चालवणारा माणूस रस्त्याच्या मधल्या रेघेपाशी बसते. तू रेघेपाशी आहे तं बरोबर आहे. तू नालीपाशी आहे तं चुकली. बस.

आकांक्षा मजेत आहे. रात्री तुया फोटोले गुड नाईट म्हणते अन् मंग मले म्हणते. नंबर दुसरा, पण चालते.

तिकडे येण्याबाबत : नाई. मले तिकडे ना भाषा येते ना ऐकू येते. हा विषय बंद.

आपला विश्वासू
पंजाबराव


कासेलजवळ
२७ ऑक्टोबर २०२४

बाबा,

नापास झाले. आधीच सांगून टाकते म्हणजे तुम्ही खालपर्यंत धीराने वाचाल.

रेघेचं तुमचं सांगणं अगदी कामी आलं, बाजू एकदाही चुकली नाही. चुकलं ते भलतंच. इकडे परीक्षेत गाडी शिकवणारे सर शेजारी बसतात, त्यांच्याही पायापाशी ब्रेक असतो. परीक्षा घेणारी बाई मागे बसते. एका अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंनी गाड्या उभ्या, मधून एकच गाडी जाईल एवढी जागा. समोरून एक म्हातारा आला आणि त्याने दिवे मारले. आता तुम्हीच सांगा, समोरच्याने दिवे मारले म्हणजे काय? म्हणजे 'मी येऊन राहिलो, तू थांब.' मी थांबले. तोही थांबला. त्याने पुन्हा दिवे मारले. मी मनात म्हटलं, अरे ये ना बाबा. तो येईना. मागची बाई काहीतरी लिहायला लागली. मग मलाच चेव आला. मी दिवे मारले, म्हणजे 'तू येत नाही तर मी निघाले', आणि गाडी काढली. त्याच क्षणी त्यानेही काढली. सरांनी ब्रेक दाबला. त्यांनी ब्रेक दाबला म्हणजे परीक्षा संपली.

इकडे दिवे मारणं म्हणजे 'तुम्ही या, मी थांबतो.' म्हातारा बिचारा मला वाट देत होता आणि मी त्याला मुर्तिजापूर रोडवरचा ट्रक समजत होते. सर मला म्हणाले, तुमच्या देशात दिव्याचा अर्थ काय? मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढची तारीख नोव्हेंबरात मिळेल. आकांक्षाला सांगू नका.

माया


अकोला
३ नोव्हेंबर २०२४

विषय : दिव्यांची उघडझाप.

तुयं पत्र वाचून मी इतका हासलो का तुयी आत्या चतुरा स्वयंपाकघरातून पळत आली. तिले वाटलं मले काही झालं. तू नापास झाल्याचं मी तिले सांगतलं नाई, दिव्याचंच सांगतलं.

वाईट वाटून घेऊ नको. तू इकडच्या हिशोबानं बरोबर होती, गाव तेवढं दुसरं होतं.

भावना बूट देऊन गेली. चांगली पोट्टी आहे, दोन कप चहा पेली. राखाडी बूट मी काई घालत नाई, मले चप्पलच बरी. आकांक्षाचे लाल बूट मी कपाटात ठेवले. रोज घालायचे नाईत.

बाकी ठीक. तुया पोट्टीनं आंगणात चुन्याच्या रेघा मारून ठेवल्या, चतुरा बोंबलून राहिली.

पंजाबराव


कासेलजवळ
२४ नोव्हेंबर २०२४

बाबा, जय भीम.

परीक्षेची तारीख पुढे गेली. त्यांच्याकडे गर्दी आहे म्हणे. जानेवारीत होईल. लायसनची मुदत संपली, म्हणून सध्या गावातलेच पेशंट पायी फिरून करते. चालणं होतं, तब्येतीला बरं.

थंडी फार आहे. चार वाजता अंधार पडतो. एक आजी आहेत, फ्राऊ म्हणतात इकडे बाईंना, त्या रोज मला विचारतात तुझी मुलगी कधी येणार, आणि रोज विसरतात. मी रोज सांगते, लवकरच.

तुमच्याकडे तुरीच्या शेंगा आल्या असतील ना? आज भाजी कशाची केली होती?

माया


अकोला
१ डिसेंबर २०२४

विषय : भाजीबाबत.

आज भाजी वांग्याची होती.

आता ऐक. बारावीत तुया फिजिक्सचा पेपर बिघडला होता, तेव्हा दारातून येता येताच तू मायले विचारलं होतं, भाजी कायची केली? नर्सिंगच्या पयल्या मुलाखतीत नाव नाई लागलं तेव्हाही तेच. पास झाली तेव्हा तू कधीच भाजीचं विचारलं नाई, सरळ ताटावर बसली. तवा तारीख पुढं गेली हे तू प्रीतमले सांग. मले नको सांगू.

काहून लपवते? बापापासून लपवून कोण पास झालं?

थंडीत पायी फिरणं तुले झेपत नसन तं परत ये. कोणी हासणार नाई. अकोल्यात दवाखाने काई कमी नाईत.

पंजाबराव


कासेलजवळ
८ डिसेंबर २०२४

बाबा,

हो. दुसऱ्यांदा नापास झाले. या वेळी बाजूच चुकली. एका छोट्या रस्त्यावरून डावीकडे वळले. समोर एकही गाडी नाही, एक माणूस नाही. समोर गाड्या असल्या की मी त्यांच्या मागे बरोबर जाते. रस्ता मोकळा दिसला की अंग अकोल्याला जातं. सरळ डाव्या बाजूला जाऊन चालवायला लागले, आणि मला वाटलंही नाही की चुकलं. उलट किती दिवसांनी बरं वाटलं. मग सरांनी ब्रेक दाबला.

शेवटची संधी २३ जानेवारीला. तेव्हा जमलं नाही तर महिनाअखेरीस करार संपेल आणि मी परत. हे तुम्हाला सांगायला मला लाज वाटत होती, म्हणून लपवलं.

पण तुम्ही काय लपवून राहिले, तेही सांगा. आत्या व्हिडिओ कॉलवर म्हणाली, बाबा रोज संध्याकाळी पोरीला आंगणात उलटं चालवतात. चुन्याच्या रेघा पोरीने नाही, तुम्ही मारल्या. हातात परात धरून तुम्ही तिच्या अंगावर धावून जाता, ती चुकली की ओरडता, पुन्हा पुन्हा करायला लावता. प्रीतमला विचारलं तर म्हणतो, बाबांनाच विचार. आणि मी एवढ्या हौसेने पाठवलेले लाल बूट तिला शाळेत नाही, लग्नात नाही, फक्त त्या आंगणात घालायला देता. ती परवा फोनवर म्हणाली, आई, मी आता उलटी चालते. हसत होती, पण मला झोप लागली नाही. शाळेसमोरच्या रस्त्यावर किती गर्दी असते हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का? तिच्या डोक्यात गोंधळ झाला तर?

आणि आता तुम्ही म्हणता, परत ये. बाबा, खरं सांगा. मी पास व्हावं असं तुम्हाला वाटतं का? का पोरगी तुमच्यापाशीच राहावी म्हणून मी नापास झालेली बरी? मला असं लिहायचं नव्हतं. पण रोज अंधारात पायी फिरताना हेच डोक्यात येतं.

माया


अकोला
१५ डिसेंबर २०२४

विषय : दि. ८ चं पत्र.

पत्र मिळालं. नोंद घेतली.

पोट्टीची काळजी करू नको. शाळेसमोरचा रस्ता ती माहा हात धरून पार करते अन् चप्पल घालून करते.

मोकळ्या रस्त्याचं तुयं बरोबर आहे. गर्दीत माणूस दुसऱ्यामागं जाते, एकटा असला का सवयीमागं जाते. तवा मोकळा रस्ता दिसला का तोंडानं मोठ्यानं म्हण, 'मी रेघेपाशी आहे.' मागची बाई काय म्हणन ते म्हणू दे.

बाकीच्या प्रश्नाचं उत्तर २३ तारखेनंतर.

पंजाबराव


कासेलजवळ
२६ जानेवारी २०२५

बाबा,

पास!

बर्फ पडून गेला होता, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. ज्या वळणावर मागच्या वेळी चुकले होते, तिथेच नेलं त्यांनी मला. वळले आणि मराठीत मोठ्याने म्हटलं, मी रेघेपाशी आहे. मागच्या बाईने विचारलं, काय म्हणालात? मी म्हटलं, वडिलांशी बोलले. उतरताना तिने हात मिळवला आणि लायसन हातात दिलं.

करार पक्का झाला. व्हिसाचे कागद प्रीतमला पाठवते आहे.

मागच्या पत्रात फार लागेल असं लिहिलं. तुम्ही रागावलात का? भाजीचं मी काही विचारत नाही, बघा.

माया


अकोला
२ फेब्रुवारी २०२५

विषय : अभिनंदन.

पेढे वाटले. गल्लीत, विहारात अन् विद्यापीठातल्या जुन्या आस्थापना विभागात बी.

पास झाली हे वाचून मी रडलो. त्यातलं अर्धं रडणं कायचं होतं ते तुले समजन. बाकीचं अर्धं माहं मले राहू दे.

तू विचारलं होतं, मले काय वाटते. वाटते दोन्ही. पोट्टी जाऊ नये असंबी वाटते अन् तू नापास होऊ नये असंबी. पण पत्रात मी एकच लिहिलं, कारण उपयोगाचं तेवढंच होतं. परत ये म्हंतलं, ते थंडीत तुये पाय दुखत असतीन म्हणून.

बूट आता कपाटातून काढून ठेवतो. व्हिसा झाला का कळव.

पंजाबराव


कासेलजवळ
११ मे २०२५

बाबा, जय भीम.

दोघं सुखरूप पोचले. प्रीतमने कळवलंच असेल. पण एक गोष्ट मलाच लिहायची आहे.

विमानतळावरून मीच गाडी चालवत आणली. आकांक्षा मागे बसून सारखी म्हणत होती, आई, तू आजोबाच्या जागेवर बसली. खरंच, तुम्ही मला शिकवायला डावीकडेच बसायचे.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ब्रेड आणायला निघाले. लाल बूट तिला आता जरा घट्ट होतात, तरी तेच हवे होते. रस्त्याच्या कडेला पोचलो आणि मी तिला सांगणार की बाळा, इकडे गाड्या उलट्या बाजूने येतात, आपल्यासारखं आधी उजवीकडे पाहायचं नाही. तेवढ्यात तिनेच माझा हात ओढून मला थांबवलं. खाली आपल्या बुटांकडे पाहिलं. मग डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आणि मला म्हणाली, 'चल आता. परात नाही आली.'

मी विचारलं, हे कोणी शिकवलं? तर मलाच वेडी समजून सांगायला लागली. चप्पल घातली की अकोल्याचा रस्ता, पयले उजवीकडे पाहायचं. लाल बूट घातले की आईचा रस्ता, पयले डावीकडे. आजोबा राखाडी बूट घालून, परातीचं स्टेअरिंग करून डावीकडून गाडी व्हायचे, आणि ती चुकली की परात वाजवायचे. आजोबा म्हणाले होते, आईला सांगू नको. आधीच तिच्यावर परीक्षेचं वझं आहे.

म्हणजे मी पहिल्यांदा नापास झाले त्याच दिवाळीत तुम्ही चुन्याच्या रेघा मारल्या. मला स्वतःला भरवसा नव्हता तेव्हा तुम्ही पोरीला इकडचा रस्ता शिकवत होता. आणि मी तुम्हाला काय काय लिहिलं!

मी रस्त्याच्या कडेलाच बसून रडले, बाबा. ब्रेडवालीने पाणी आणून दिलं.

माझं चुकलं. तुम्ही इकडे या, एवढंच मागणं आहे.

माया


अकोला
१८ मे २०२५

विषय : तिकडे येण्याबाबत.
संदर्भ : बंद केलेला विषय.

जय भीम. प्रीतम गेल्यापासून झेरॉक्सवाली करिश्मा माह्या पत्राचे फोटो काढून पाठवते. ती वाचते बी, पण बोलत नाई.

तुयं काई चुकलं नाई. आपली पोट्टी कोणी रोज उलटी चालवली असती तं मीनं त्याले झोडपलं असतं. तू तं नुसतं पत्र लिहिलं.

घर लय शांत झालं आहे. मले ऐकू येत नाई तरीबी समजते. आंगणातल्या रेघा चतुरा धुवाले निघाली होती, मी धुवू नाई देल्या. रोज संध्याकाळी राखाडी बूट घालून तिथं खुर्ची टाकून बसतो. एवढ्या उन्हाळ्यात बूट घालते म्हणून चतुरा मले येडा म्हणते. म्हणू दे.

काल तेच बूट पायात, अन् मी भाजी आणाले निघालो. रोडवर आलो, थांबलो, पयले डावीकडे पाह्यलं. कोणी नव्हतं. पाय टाकला. उजवीकडून ऑटो आला अन् माह्या अंगाशी येऊन थांबला. ऑटोवाला काय काय बोलला ते ऐकू आलं नाई हे बरंच झालं. लागलं काई नाई. चतुरा मातर दारातून पाहून राहिली होती, तिनं रात्री जेवणच नाई केलं.

मी बी रात्रभर इचार केला. आकांक्षाले शिकवता शिकवता अकोल्याचा रस्ता माह्याकूनच सुटला. आता मले तिकडचाच चांगला येते. मंग इकडे बसून ऑटोवाल्याच्या शिव्या कायले खाऊ? हिऱ्या बैल नव्या बाजूले लागला तो मंग जुन्या बाजूले गेला नाई, हे तुले सांगाचं राहिलं होतं.

आज पासपोर्टसाठी फोटो काढून आलो. कानाचं मशीन बी घातलं, किर्रकिर्र करते पण घातलं. थंडीच्या आधी दोन महिन्यांसाठी येतो. चतुरा हिवरखेडले तिच्या पोरीपाशी राहीन.

आकांक्षाले सांगजो का आजोबा राखाडी बूट घालून येऊन राहिला. पण तिथल्या गाड्या खऱ्या असतीन, परातीच्या नाई, तवा रस्ता पार करताना माहा हात तिनं धरायचा.

तुया
बाबा